खांबावरचा शिमोन

इसवी सन 440 च्या सुमाराला सिरियातल्या किर्रस गावचा बिशप थिओडोरेट आपल्या भागातल्या तपस्व्यांची चरित्रं लिहीत होता. कुणी गुहेत राहणारा, कुणी बारा महिने उघड्यावर, कुणी अंगावर लोखंडी साखळ्या वागवणारा. पंचवीस प्रकरणं झाल्यावर सव्विसाव्यात तो जरा चाचरतो. यापुढचं वाचून पुढच्या पिढ्यांना ही भाकडकथा वाटेल, अशी भीती तो आधीच बोलून दाखवतो. साक्षीला हवी तेवढी माणसं आहेत, ज्याच्याविषयी लिहायचं तो अजून जिवंत आहे आणि लिहिणाऱ्याने त्याला स्वतः पाहिलं आहे; तरीही.

भीती रास्त होती. उत्तर सिरियातल्या एका टेकडीवर दगडी खांब होता. त्याच्या माथ्यावर जेमतेम उभं राहता येईल एवढी जागा होती आणि तिथे शिमोन नावाचा माणूस ऊन, पाऊस, बर्फ अंगावर घेत रात्रंदिवस उभा होता. 459 मध्ये तो तिथेच वारला, तेव्हा त्याला खांबांवर राहायला लागून साडेतीन दशकं उलटून गेली होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभात खडेश्वरी साधू पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यातलं नुसतं उभं राहणं नवं वाटणार नाही. वर्षानुवर्षं न बसण्याचं व्रत, सुजलेले पाय, भोवती भाविकांची दाटी, हे त्याच्या ओळखीचं असतं. नवा आहे तो खांब. तो कशासाठी, हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शिमोनचं चरित्र त्याचं एक उत्तर देतं आणि त्याची चित्रं बरोबर उलटं.

शिमोन 390 च्या आसपास सिरिया आणि किलिकिया यांच्या सीमेवरच्या सिस नावाच्या खेड्यात जन्मला. घरी मेंढरं होती आणि पोरगा ती राखायचा. एके दिवशी एवढं बर्फ पडलं की कळप बाहेर काढता येईना, म्हणून तो आईवडिलांबरोबर चर्चला गेला. शोक करणाऱ्यांना आणि शुद्ध मनाच्या माणसांना धन्य म्हणणारी येशूची वचनं तिथे त्याच्या कानावर पडली. हे पदरात कसं पडेल, असं त्याने तिथल्या एकाला विचारलं. त्याने संन्यासाची वाट दाखवली. पुढे शिमोन तेलेदा इथल्या मठात दाखल झाला. तिथे ऐंशीएक मठवासी होते.

मठात त्याचं कुणाशी भांडण नव्हतं, पण जमलंही नाही. बाकीचे एक दिवसाआड जेवत, हा आठवड्यातून एकदा. मग त्याने खजुरीच्या काथ्याची दोरी उघड्या कमरेला आवळून बांधली. तिचा काच इतका झाला की मांस सोलवटून रक्त वाहू लागलं. दहा दिवसांनी एकाने ते रक्त पाहिलं, तेव्हा बिंग फुटलं. दोरी सोडवताना वरिष्ठांच्या नाकी नऊ आले आणि जखमेवर औषध लावून घ्यायला हा तयार होईना. शेवटी त्यांनी त्याला जायला सांगितलं. त्याचं पाहून अशक्त प्रकृतीची माणसं असले प्रयोग करतील आणि जिवाला मुकतील, हे त्यांचं कारण होतं. थिओडोरेट ही हकीकत शिमोनच्या थोरवीची खूण म्हणून सांगतो. मला मात्र दर वेळी मठाच्या त्या वरिष्ठांची बाजू पटते. ऐंशी माणसांचं बिऱ्हाड सांभाळणाऱ्याला असा एक माणूस परवडत नाही. पण त्यांचंही मन त्यांना खात राहिलं. पाच दिवसांनी त्यांनी माणसं शोधायला धाडली, तर शिमोन एका कोरड्या हौदात उतरून स्तोत्रं गात बसलेला सापडला. त्याला दोर टाकून वर काढावं लागलं.

तिथून तो तेलानिसोस नावाच्या गावी आला आणि एका खोपटात राहिला. बायबलमधल्या मोशे आणि एलीया यांच्यासारखा चाळीस दिवसांचा निर्जळी उपास करायचा आणि दार बाहेरून लिंपून घ्यायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्या भागातल्या खेड्यांच्या चर्चवर देखरेख करणारा बास्सस नावाचा धर्माधिकारी तेव्हा तिथे आला होता. असं मरण म्हणजे पुण्य नव्हे, आत्महत्याच, असं त्याने समजावलं. तोड निघाली ती अशी: आत दहा भाकरी आणि पाण्याची घागर ठेवायची, गरज पडलीच तर खा. मग दार मातीने लिंपलं. चाळीस दिवसांनी ते फोडलं तेव्हा भाकरी दहाच्या दहा, पाणी जसंच्या तसं आणि शिमोन जमिनीवर निपचित, तोंडातून शब्द फुटेना. बास्ससने ओल्या स्पंजाने त्याचे ओठ भिजवले, प्रभुभोजनाचा घास दिला, मग हळूहळू पालेभाजी. त्यानंतर दर वर्षी ईस्टरपूर्वीचे ते चाळीस दिवस शिमोनने असेच काढले.

तीन वर्षांनी तो गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर गेला. तिथे त्याने गोल कुंपण घातलं आणि वीस हात लांबीची साखळी उजव्या पायात अडकवून दुसरं टोक मोठ्या दगडाला ठोकून घेतलं. अंत्युखिया शहराच्या बाजूचा मेलेतियस नावाचा एक समंजस धर्माधिकारी त्याला भेटला आणि म्हणाला, मन ताब्यात असेल तर लोखंड कशाला? शिमोनने ते ऐकलं आणि लोहार बोलावला. साखळी पायाला काचू नये म्हणून आत कातड्याचा तुकडा शिवलेला होता. तो फाडला तर त्यात वीसहून जास्त टपोरे ढेकूण निघाले. एवढे दिवस ते चावत होते आणि हाताने चिरडता येण्यासारखे असूनही त्याने ते चिरडले नव्हते.

इथवर शिमोन हा त्या काळच्या सिरियातल्या अनेकांपैकी एक होता, थोडा जास्त हट्टी. वेगळं घडलं ते यानंतर. त्याचं नाव पसरलं आणि टेकडीकडे रीघ लागली. कुणी लकव्याचा माणूस घेऊन यायचा, कुणी मूल मागायला. थिओडोरेटने आलेल्यांची यादी दिली आहे: अरब, इराणी, आर्मेनियन, जॉर्जियातले लोक, थेट स्पेन, गॉल आणि ब्रिटनकडचे. या सगळ्यांना त्याला हात लावायचा होता. त्याच्या कातडी अंगरख्याचा स्पर्श तरी व्हावा, जमल्यास चार धागे ओढून नेता यावेत, अशी प्रत्येकाची धडपड. शिमोनला आधी तो मान अतिरेकी वाटला, मग त्याचा ताप होऊ लागला. तेव्हा त्याने खांब उभारायला सांगितलं.

पहिला सहा हातांचा होता. मग बारा, मग बावीस आणि थिओडोरेट लिहीत होता त्या वेळी छत्तीस हातांचा, म्हणजे सुमारे 16 मीटर. आकडे वाढत जातात तसा हेतू स्पष्ट होतो. सहा हातांवर उंच माणसाने उडी मारली तर पाय हाताला लागू शकतो. बाराला शिडी पुरते. छत्तीसवर कुणाचा हात पोचायचा प्रश्नच उरत नाही. देवाच्या जवळ जाण्यासाठी तो वर चढला, असं पुढे प्रवचनांतून सांगितलं गेलं आणि थिओडोरेटही स्वर्गाकडे झेपावण्याची भाषा वापरतोच. पण त्याने आधी सांगितलेलं कारण साधं आहे. गर्दीच्या हातांपासून सुटका.

याचं मूळ जुन्या मूर्तिपूजक सिरियात शोधणारे अभ्यासकही आहेत. आजच्या मनबिज गावी, म्हणजे तेव्हाच्या हिएरापोलिसला, सिरियाच्या देवीचं मोठं देऊळ होतं. दुसऱ्या शतकातल्या, लुशियन या लेखकाच्या नावावर असलेल्या पुस्तकात त्याचं वर्णन येतं. देवळासमोर दोन प्रचंड स्तंभ होते आणि वर्षातून दोनदा एक माणूस त्यांतल्या एकावर चढून सात दिवस वर राहायचा. लोकांनी खाली ठेवलेल्या दक्षिणेच्या बदल्यात तो त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा. हे ठिकाण शिमोनच्या टेकडीपासून फार लांब नाही, हे खरं. पण मधे अडीच-तीन शतकं आहेत, आणि मेंढपाळाच्या पोराने लुशियन वाचला असेल असं मानणं कठीण. उंच जागी चढलेल्या माणसाच्या प्रार्थनेला वजन असतं, ही समजूत त्या मातीत मुरलेली असावी. त्यापलीकडे मी जाणार नाही.

या नव्या प्रकाराने धर्मातली माणसंही बिचकली. सहाव्या शतकातला इतिहासकार एवाग्रियस सांगतो, की वाळवंटातल्या वडीलधाऱ्या तपस्व्यांनी शिमोनकडे एक माणूस पाठवला. निरोप असा: संतांनी घालून दिलेली वाट सोडून हे काय नवीन? ताबडतोब खाली उतर. त्या माणसाला आतून सांगून ठेवलं होतं, की शिमोन ऐकायला तयार झाला तर त्याला तिथेच राहू द्या. नाही म्हणाला तर ओढून खाली आणा. शिमोनने निरोप ऐकला आणि लगेच एक पाय खाली टाकला. परीक्षा तेवढीच होती.

वर तो करत काय असे? संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रार्थना. त्यात उभ्याउभ्या पुढे वाकणं, इतकं की कपाळ पायाच्या बोटांना टेकावं. पोटात अन्न नसल्यामुळे ते जमत होतं, असा खुलासा थिओडोरेट करतो. त्याच्याबरोबर आलेला एकजण हे नमस्कार मोजू लागला. 1244 झाल्यावर त्याचं भान सुटलं आणि त्याने नाद सोडला. दुपारी तीनच्या सुमाराला खालच्या लोकांचा वेळ सुरू व्हायचा. उपदेश, मग गाऱ्हाणी, मग तंटे. सिरियाक भाषेतल्या त्याच्या चरित्राची 473 सालची हस्तलिखित प्रत आज व्हॅटिकनमध्ये आहे, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या चौदा वर्षांची. त्यात हा माणूस गावगाड्याच्या मधोमध दिसतो. सावकाराने व्याज निम्म्यावर आणावं, असं तो बजावतो. विधवा, अनाथ, कर्जबाजारी यांच्या तक्रारी ऐकतो.

इतिहासकार पीटर ब्राऊन यांनी 1971 मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात यावर बोट ठेवलं आहे. उत्तर सिरियाच्या चुनखडीच्या डोंगरांत त्या काळी ऑलिव्हच्या तेलावर खेडी वर येत होती. हातात पैसा खुळखुळत होता, भांडणं वाढत होती आणि ती मिटवायला सर्वांना मान्य असा माणूस हवा होता. ज्याला जमीन नाही, जात-गोत नाही, पोटाचीही गरज नाही, असा माणूस कुणाच्या बाजूचा असणार? खांबावरचा परका हाच खात्रीचा पंच.

पण पंचाला पूर्वग्रह नसतात असं नाही. सम्राट दुसरा थिओडोसियस याने ज्यू लोकांची बळकावलेली प्रार्थनास्थळं त्यांना परत करायचा हुकूम काढला, तेव्हा शिमोनने त्याला खरमरीत पत्र धाडलं आणि सम्राटाने हुकूम मागे घेतला, असं सिरियाक चरित्र आणि एवाग्रियस दोघेही अभिमानाने सांगतात. आज ते वाचताना अभिमान वाटत नाही. अंतोनियस नावाच्या शिष्याच्या ग्रीक चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. आई भेटायला आली, तर शिमोनने तिला आत येऊ दिलं नाही, कारण कुंपणाच्या आत बाईने यायचं नाही हा नियम. ती दारातच मेली. चरित्रकार पुढे तिच्या निर्जीव चेहऱ्यावर हसू उमटवून गोष्ट गोड करतो. ते हसू मला कधी पटलेलं नाही.

खुद्द थिओडोरेटचा एक अनुभव मात्र हसवतो. अरब टोळ्या दोनशे-तीनशेच्या जमावाने येत. एकदा शिमोनने वरून त्यांना सांगितलं, हे बिशप आले आहेत, यांचा आशीर्वाद घ्या, तुमचं भलं होईल. झालं! सगळे थिओडोरेटवर तुटून पडले. कुणी पुढून ओढतोय, कुणी मागून, कुणी दाढी धरतोय, कुणी कपडे. लांबचे लोक जवळच्यांच्या अंगावर चढून हात पुढे करत होते. शिमोनने वरून ओरडून त्यांना पांगवलं नसतं तर आपण गुदमरून मेलो असतो, असं बिशपसाहेब लिहितात. खांब का बांधावा लागला, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आणखी एकाने खालूनच विचारलं, तू माणूस आहेस की देह नसलेला आत्मा? लोक म्हणतात तू खात नाहीस, झोपत नाहीस. शिमोनने शिडी लावायला लावली, त्याला वर बोलावलं आणि आपला हात, मग पाय दाखवला. डाव्या पायाला चिघळलेला व्रण होता आणि त्यातून सतत पू वाहत होता. आपण जेवतोही, हे त्याने सांगितलं. चित्रांकडे वळताना ही शिडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तो गेला तेव्हा वाकलेल्या अवस्थेत होता आणि मरण पावलाय हे शिष्यांना बराच वेळ कळलंच नाही. मृतदेहासाठी ओढाताण होणार हे उघड होतं. सेनापती अर्दाबुर सैन्य घेऊन आला आणि मिरवणुकीने शव अंत्युखियाला नेलं. सम्राट लिओला ते कॉन्स्टॅन्टिनोपलला हवं होतं. अंत्युखियाच्या लोकांनी कळवलं, की भूकंपाने आमच्या शहराचा तट पडला आहे, तटाच्या जागी आम्हाला हा देह राहू द्या. लिओने ऐकलं. सुमारे सव्वाशे वर्षांनी एवाग्रियसने ते मस्तक पाहिलं, तेव्हा केस शाबूत होते आणि काही दात भाविकांनी उपटून नेले होते. जिवंतपणी चुकवलेले हात असे शेवटी पोचलेच.

टेकडीवर सम्राट झेनोच्या काळात, साधारण 476 ते 490 च्या दरम्यान, खांबाभोवती चर्च उभं राहिलं. मधे अष्टकोनी चौक, त्याच्या मध्यावर खांब आणि चार दिशांना चार लांबलचक दालनं, म्हणजे वरून पाहिलं तर क्रूस. क्षेत्रफळ सुमारे 5000 चौरस मीटर. अलेप्पोच्या वायव्येला तीसेक किलोमीटरवर ते अवशेष उभे आहेत. अरबीत त्यांना कलात समआन म्हणतात. 2011 मध्ये आसपासच्या प्राचीन खेड्यांबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले आणि दोनच वर्षांत, युद्धामुळे, धोक्यातल्या वारशाच्या यादीतही. मे 2016 मध्ये हवाई हल्ल्यात त्यांचं नुकसान झालं. खांबाचं म्हणाल तर तो युद्धाच्या कितीतरी आधी संपला होता. यात्रेकरूंनी शतकानुशतकं टवके काढून नेले आणि उरला तो दोनेक मीटरचा वेडावाकडा गोटा.

आता चित्रं. शिमोन जिवंत असतानाच ती सुरू झाली होती, हे थिओडोरेटच्या एका वाक्यावरून कळतं: रोम शहरात, म्हणे, कारागिरांनी आपापल्या दुकानांच्या दारांत शिमोनच्या छोट्या प्रतिमा लावल्या आहेत, राखणीसाठी. कुठे सिरियातली टेकडी आणि कुठे रोम! त्या प्रतिमा आज उरलेल्या नाहीत. उरल्यात त्या टेकडीच्या तांबड्या मातीच्या टिकल्या. दोन-तीन सेंटिमीटरच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. ओल्या मातीवर ठसा दाबायचा आणि वाळवायची. ठशात मधोमध खांब, वर शिमोनचं डोकं आणि खांदे, दोन बाजूंना मुकुट किंवा हार घेऊन येणारे देवदूत, खांबाला टेकलेली शिडी आणि पुष्कळदा शिडीवर धुपाटणं घेतलेला माणूस. लूव्र, ब्रिटिश म्युझियम आणि इतर संग्रहांत त्या विखुरल्या आहेत.

ही टिकली नुसती आठवण नव्हती. ती औषध होती. पाण्यात कालवून प्यायची, दुखऱ्या जागी चोळायची. अंत्युखियाजवळच्या डोंगरावर सहाव्या शतकात याच नावाचा दुसरा खांबवासी झाला. त्याला धाकटा शिमोन म्हणतात. दुधाचे दात पडायच्या आधीच तो खांबावर चढला होता, असं एवाग्रियस सांगतो. या धाकट्याच्या चरित्रात आजारी मुलाचा बाप आशीर्वादासाठी येतो. शिमोन त्याला मातीची टिकली देऊन घरी पाठवतो आणि सांगतो, की हिच्यावरचा ठसा पाहिलास की तू मलाच पाहशील. थोरल्या शिमोनने गर्दीच्या हातांना दुरावून स्वतःला नजरेपुरतं उरवलं होतं. टिकलीने ते अंतर पुन्हा मिटवलं. चित्र पाहायचं आणि मग तेच चित्र उगाळून पोटात घ्यायचं. चरित्र म्हणतं, खांब स्पर्श टाळण्यासाठी आहे. चित्र म्हणतं, घ्या, हातात धरा.

धाकट्याच्या चरित्रातल्या या गोष्टींना पुढे राजकीय वजन आलं. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी पूजेतल्या प्रतिमांवर बंदी घातली. तिच्याविरुद्ध 787 मध्ये निकेआ इथे भरलेल्या धर्मपरिषदेत जुन्या ग्रंथांतले दाखले वाचले गेले आणि त्यांत हे चरित्रही होतं. एका कथेत अंत्युखियाचा कारागीर दुकानासमोर शिमोनची प्रतिमा लावतो, पडदे सोडतो, दिवे लावतो. ती काढायला चढलेली माणसं शिडीवरून एकामागून एक कोसळतात. खांबवासी संत प्रतिमांचे साक्षीदार म्हणून उभे केले गेले, हे मला अगदी साजेसं वाटतं. प्रतिमा होऊन कसं जगायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

लूव्रमधल्या सहाव्या शतकाच्या एका चांदीच्या पत्र्यावर शिमोन फार वेगळ्या थाटात आहे. पत्रा सिरियातल्या मआरत अन-नुमानच्या परिसरातला, कुणा भक्ताने नवस फेडताना वाहिलेला. संताच्या हातात पुस्तक, डोक्यावर शिंपला, आणि खांबाला एका जाडजूड सापाने वेटोळं घातलंय. त्याचं डोकं थेट शिमोनच्या तोंडासमोर. हा सैतान, असं बहुतेक जण म्हणतात. पण अंतोनियसच्या चरित्रात एक अजगर येतो. त्याच्या डोळ्यात लाकूड रुतलेलं असतं. तो सरपटत खांबापाशी येऊन पडून राहतो, लाकूड गळून पडतं आणि तो निघून जातो, कुणालाही न डसता. त्या चांदीवरचा साप भांडायला आलाय की उपचाराला, हे कारागिराने उघड केलेलं नाही. मी उपचाराच्या बाजूचा आहे.

सिरियातल्या काळ्या बेसॉल्ट दगडावर याहून ओबडधोबड काम आहे. बर्लिनच्या बोडे संग्रहालयात असा एक शिल्पपट आहे. खांब, शिडी, धूप घेऊन चढणारा माणूस, आणि वर शिमोन म्हणजे अक्षरशः एक गोळा. नाक-डोळे नावापुरते. इथे एक गोष्ट स्पष्ट होते. बाकीच्या संतांना ओळखायला चेहरा लागतो, दाढीची ठेवण लागते, निदान नाव लिहावं लागतं. शिमोनला त्यातलं काही लागत नाही. खांब दिसला की झालं.

बायझंटाइन चित्रकारांनी ही सोय पुरेपूर वापरली. चर्चच्या आतल्या कमानींच्या कडा, दोन खिडक्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्या, अशा जागी उभा संत मावत नाही, पण खांब मावतो. तिथे ते रंगवले जात. माथ्यावर कठडा, कठड्यातून वर आलेलं अर्धं शरीर, डोक्यावर मठवाशांची टोपडी. ग्रीक थिओफानीसने 1378 मध्ये रशियातल्या नोवगोरोदच्या ख्रिस्तरूपांतर चर्चमध्ये रंगवलेले खांबवासी या परंपरेचं शिखर आहेत. तांबूस तपकिरी रंग आणि त्यावर पांढऱ्याचे तुटक, झपाट्याने ओढलेले फटकारे. चेहऱ्यावर वीज पडल्यासारखा उजेड. बेसॉल्टवरच्या गोळ्याला इथे पहिल्यांदा मनुष्याचं अंतरंग मिळालं.

पंचांगानेही शिमोनला हात दिला. पूर्वेकडच्या चर्चचं धार्मिक वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि थोरल्या शिमोनचा सण त्याच दिवशी येतो. (पश्चिमेकडे तो 5 जानेवारीला.) त्यामुळे इसवी सन 1000 च्या सुमाराला सम्राट दुसऱ्या बासिलसाठी तयार झालेल्या संतचरित्रांच्या सचित्र पोथीत तो अगदी सुरुवातीच्या पानांत खांबावर भेटतो. रशियातल्या सप्टेंबर महिन्याच्या प्रतिमेच्या पाटीवर छोट्या छोट्या संतांच्या ओळी रंगवलेल्या असतात. तिथेही वर्षाचा पहिला मान बहुधा त्याचाच.

पश्चिम युरोपात खांब रुजला नाही. सहाव्या शतकात आर्देनच्या जंगलात वुल्फिलाइक नावाच्या एकाने प्रयत्न केला होता. थंडीने पायाची नखं गळाली, दाढीला बर्फ लोंबू लागलं, असं त्याने तूरचा बिशप ग्रेगरी याला सांगितलं. तिथल्या बिशपांनी त्याला समजावलं, की अंत्युखियाच्या शिमोनशी तुझी बरोबरी नाही आणि ही हवा त्या कामाची नाही. मग एकाने त्याला कामाच्या निमित्ताने दूर बोलावून घेतलं आणि मागे मजूर पाठवून खांब फोडून टाकला. वुल्फिलाइक रडला, पण पुन्हा चढला नाही. पुढे पश्चिमेने शिमोनकडे पाहिलं ते बहुतेक कुतूहलाने किंवा उपहासाने. गिबनने आपल्या इतिहासात त्याची टर उडवली, टेनिसनने त्याच्यावर कविता लिहिली आणि लुई बुन्युएलने 1965 मध्ये ‘सायमन ऑफ द डेझर्ट’ नावाचा छोटा सिनेमा काढला. त्यात सैतान खांबवाल्याला शेवटी न्यूयॉर्कच्या नाचघरात नेऊन बसवतो.

पूर्वेत मात्र खांबांची रांगच लागली. शिमोनची टोपडी घेऊन त्याचा शिष्य सर्जियस सम्राट लिओकडे निघाला, पण सम्राटाची भेट न झाल्याने ती दानियेल नावाच्या तपस्व्याला मिळाली. दानियेल बॉस्फोरसच्या किनाऱ्यावर खांबावर चढला आणि 493 मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला. तो एकदाच उतरला, सम्राट बनून बसलेल्या बासिलिस्कसला धर्माच्या प्रश्नावर खडसावायला. अलिपियस नावाच्या खांबवासीची कथा आणखी अचाट आहे. त्रेपन्न वर्षं उभं राहून पाय निकामी झाले, तेव्हा तो खांबावरच कुशीवर पडून उरलेली चौदा वर्षं जगला.

सगळ्यांची चित्रं एकाच साच्यातली असल्यामुळे कोण कोणता हे ओळखताना जाणकारांचीही गाळण उडते. शेजारी मार्था नावाची स्त्री उभी असेल तर तो धाकटा शिमोन, कारण ती त्याची आई आणि तीही संत. अलेप्पोला मुसव्विर घराण्याच्या चार पिढ्या प्रतिमा रंगवत होत्या. त्यांतल्या निमतुल्लाने 1699 मध्ये दोन्ही शिमोन एकाच पाटीवर दोन खांबांवर उभे करून घोळ मिटवला. मातीच्या टिकल्यांवर नाव नसेल आणि ती कोणत्या टेकडीवर सापडली याची नोंद नसेल, तर बहुतेक संग्रहालयं थोरला की धाकटा या वादात पडत नाहीत. कार्डावर नुसतं ‘खांबवासी संत’ लिहितात आणि मोकळी होतात.